खोलीतील आखाडा

इ. स. १७११ च्या जुलै महिन्यात लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या दैनिक पत्रात जोसेफ ॲडिसन याने व्यायामाविषयी एक निबंध लिहिला. खेड्यातील जमीनदारास शिकारीच्या निमित्ताने शरीरश्रम आपोआप घडतात. परंतु शहरात खोली घेऊन राहणाऱ्याने काय करावे? या प्रश्नास ॲडिसनच्या ‘स्पेक्टेटर’ महाशयांनी दिलेले उत्तर मोठे मौजेचे आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी एक यंत्र बसविले होते आणि रोज सकाळी एक तासभर ते त्यावर व्यायाम करीत. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजविणाऱ्यास दोर ओढताना जो व्यायाम घडे तोच घरच्या घरी घडावा, एवढ्यासाठी केलेली ही योजना होती. त्यात ओढणे होते. घंटा मात्र नव्हती. म्हणून ती ‘मुकी घंटा’, म्हणजेच ‘डंब बेल’. पुढे यंत्र लोपले आणि हातात धरावयाच्या वजनास तेच नाव चिकटले. आज आपल्या घरांतून पलंगाखाली धूळ खात पडलेल्या डंबेल्सच्या नावाची ही अशी कुळकथा आहे.

या निबंधाचा लेखक केवळ साहित्यिक नव्हता. तो सरकारी नोकर होता; मंत्र्याच्या कचेरीत दुय्यम सचिव म्हणून त्याने काम केले होते आणि पुढे १७१७ साली तो स्वतः मंत्रिपदास पोहोचला. सारांश, घरात यंत्र बसवून शरीर हालते ठेवण्याच्या इतिहासाच्या पहिल्या काही पानांवरच आपणांस आपला एक समव्यवसायी भेटतो. लेखणी आणि खुर्ची यांच्याशी ज्याचा जन्माचा संबंध जुळला, त्यालाच ही निकड प्रथम भासली यात नवल नाही. शेतकऱ्यास, हमालास किंवा जात्यावर बसणाऱ्या बाईस व्यायामाचे यंत्र लागत नाही. त्यांची कामाची साधने हीच त्यांची यंत्रे असतात. व्यायामाचे यंत्र जन्मास येण्यास दोन गोष्टी जमून याव्या लागतात: श्रमांवाचून मिळणारी भाकरी आणि चार भिंतींची खोली.

अठराव्या शतकातील इंग्लंडात या दोन्ही गोष्टी एका वर्गास लाभल्या होत्या. त्याच शतकात तेथे ‘चेंबर हॉर्स’ नावाची खुर्ची प्रचारात आली. आसनाखाली फळ्या आणि स्प्रिंगा यांचे थर रचून त्यांवर चामडे मढविलेले असे; त्यावर बसून दोन्ही बाजूंचे दांडे धरावयाचे आणि वरखाली उसळावयाचे. घोड्यावर न बसता रपेटीचे फळ मिळावे, ही कल्पना. थॉमस शेरेटन या नामांकित फर्निचरतज्ज्ञाने १७९० नंतरच्या आपल्या नमुनाग्रंथात या खुर्चीचे चित्रही दिले आहे. १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स याने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पायांखाली पावटे, हातांशी फिरते दांडे आणि दोहोंना जोडणारी चाके अशी त्याची रचना होती. आजच्या व्यायामसायकलीचा हा पूर्वज होय.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख येतो. आणि पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. जोर, बैठका, मुद्गल, करेल, नाल या सर्वांचे घर म्हणजे तालीम. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ॲडिसनचे यंत्र खोलीच्या कोपऱ्यात होते. आपला मल्लखांब दहाजणांच्या मध्यभागी पुरलेला होता. तालमीत वस्ताद असे, हौदातली तांबडी माती असे, आणि एखादा गडी दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी चौकशीस जाणारे सोबती असत. साधन दुय्यम होते. मंडळी मुख्य होती.

परंतु साधन प्रवास करते, मंडळी करू शकत नाही. मुद्गलाचा इतिहास हेच सांगतो. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी येथील शिपायांना मुद्गल फिरविताना पाहिले आणि ते साधन उचलले. १८३४ साली डोनल्ड वॉकर याने ‘ब्रिटिश मॅन्ली एक्झर्साइझेस’ या पुस्तकात त्याचे धडे सचित्र दिले. लगोलग स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याच मुद्गलास नाजूक रूप देऊन ‘इंडियन सेप्टर’, म्हणजे राजदंड, हे नाव बहाल केले. तेथून ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या सिम केहो याने १८६६ साली ‘इंडियन क्लब’वर पुस्तक काढले आणि कारखानदारीही थाटली. तालमीतील जाडजूड मुद्गल आता दिवाणखान्यात शोभेल असा सडपातळ, रंगीत व हलका झाला. १९०४ साली सेंट लुई येथे आणि १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामन्यांत त्याची स्पर्धाही झाली. दोन्ही वेळची मिळून सहाही पदके अमेरिकनांनी घेतली. ज्या देशाचे नाव त्या साधनास होते, त्या देशाचा एकही मनुष्य त्या पदकांच्या यादीत नाही. याचा विषाद मानावा की कौतुक करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यायामयंत्रांच्या इतिहासाला निराळेच वळण लागले. स्टॉकहोमचा डॉक्टर गुस्ताव्ह झांडर याने १८६५ साली आपली संस्था उघडली. तिच्यात प्रत्येक स्नायूसाठी स्वतंत्र यंत्र होते. काही यंत्रे रोग्याने चालवावयाची, तर काही वाफेच्या बळावर रोग्यासच हालविणारी. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली आणि पुढे युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी त्यांच्या शाखा निघाल्या. झांडरने आपल्या यंत्रांची भलावण करताना कचेरीतील बैठ्या जीवनाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आता गंमत अशी, की यंत्राने माणसास हालवावे आणि माणसाने त्याला व्यायाम म्हणावे, ही सोय धनिकांस फारच आवडली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरील व्यायामशाळेत विजेचा घोडा होता आणि विजेचा उंटही होता. १९२३ ते १९२९ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले कॅल्व्हिन कूलिज यांनी तर असा विजेचा घोडा थेट व्हाइट हाउसमध्ये ठेवला होता. खऱ्या घोड्यावर बसणाऱ्यास निदान घोड्याच्या मर्जीचा विचार करावा लागतो. येथे तीही अडचण उरली नाही.

तथापि, सामान्य मनुष्याच्या घरी आखाडा नेला तो टपालाने. युजेन सँडो (१८६७–१९२५) हा मूळचा प्रशियातील कोनिग्सबर्गचा. रंगभूमीवर शक्तीचे प्रयोग करून तो प्रसिद्धीस आला. १८९७ साली लंडनमध्ये त्याने शरीरसंवर्धनाची संस्था काढली, पुस्तके लिहिली, मासिक चालविले आणि रबरी दोऱ्यांचे व स्प्रिंगांचे साहित्य जगभर विकले. त्याच्या डंबेलचे दोन अर्ध असत व मध्ये स्प्रिंगा. मूठ घट्ट आवळल्याखेरीज व्यायाम पुरा होत नसे. त्याच्या मागोमाग पत्रद्वारा व्यायाम शिकविण्याचा धंदा फोफावला. १९०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. तो गेला, पण त्याचे नाव येथे राहिले. आजही आपण बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकास ‘सँडो बनियन’ म्हणतो, ते नाव या गृहस्थाचे आहे.

सँडोच्या या गिऱ्हाइकांत एक मराठी संस्थानिक होते. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सँडोचे साहित्य व पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. पुढे १९०८ साली मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि असे वळले की उर्वरित आयुष्य त्याच्या प्रचारात घालविले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार लागू केले, १९२८ साली इंग्रजी पुस्तक लिहिले आणि १९३८ साली त्यांचा ‘टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सूर्यनमस्कारास ना स्प्रिंग लागते ना दोरी. एक सतरंजी टाकण्याइतकी जागा असली म्हणजे पुरे.

औंधकरांच्या या परिवर्तनाकडे ‘पाश्चात्त्य यंत्र टाकले आणि स्वदेशी साधना स्वीकारली’ इतक्याच दृष्टीने पाहणे आम्हांस अपुरे वाटते. सँडोने त्यांना एक गोष्ट निश्चित शिकविली होती: दररोज ठराविक वेळी, घरातल्या घरात, कोणी पाहत नसतानाही व्यायाम करणे. दहा वर्षांच्या त्या नेमावरच पुढे नमस्कारांची इमारत उभी राहिली. शिवाय त्यांनी नमस्कार स्वतःपुरता ठेवला नाही. तो शाळेच्या पटांगणात नेला, शेकडो मुलांच्या ओळींत उभा केला. म्हणजे टपालाने घरात एकटा आलेला आखाडा त्यांनी पुन्हा मंडळीत नेऊन पोहोचविला. याच काळात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले, हेही परप्रांतस्थ मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावे असे आहे.

टपालानंतर नभोवाणी आली. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या आयुर्विमा कंपनीने आपल्या मनोऱ्यावरून भल्या पहाटे व्यायामाचे कार्यक्रम ध्वनिक्षेपित करण्यास प्रारंभ केला. विमेदार जितका दीर्घायुषी तितका कंपनीचा लाभ, हा हिशेब उघड आहे. परंतु लाभाचे हेतूही कधी कधी लोकांच्या पथ्यावर पडतात. हा प्रयोग जपानी अधिकाऱ्यांच्या नजरेस आला. तेथे टपालखात्याचा स्वतःचा आयुर्विमा होता. १ नोव्हेंबर १९२८ रोजी, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणसमारंभाचे निमित्त साधून, ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओ-कवायत सुरू झाली. पियानोच्या साथीवर काही मिनिटांच्या सोप्या हालचाली; कोणतेही साधन नको, पोशाख नको, वयाची अट नको. या योजनेमागे हात होते ते टपालखात्याच्या कारकुनांचे, हे येथे नोंदविल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

घरोघरी रेडिओ नव्हते. म्हणून लोक एका रेडिओभोवती जमू लागले. देवळांची अंगणे, शाळांची मैदाने, कारखान्यांची आवारे पहाटे भरू लागली. सुटीच्या दिवसांत मुलांच्या गळ्यात हजेरीची पत्रिका लटकू लागली आणि प्रत्येक सकाळी तिच्यावर शिक्का पडू लागला. घरासाठी काढलेल्या यंत्राने लोकांना घराबाहेर काढले!

पण इतिहास एकाच बाजूने लिहिता येत नाही. एका आवाजाबरोबर लाखो हात वर जातात, हे दृश्य सत्ताधाऱ्यांस मोहक वाटल्यावाचून राहत नाही. १९३० नंतरच्या दशकात जपानमध्ये लष्करशाही बळावली, तशी ही कवायत राष्ट्रनिष्ठेचे आणि आज्ञाधारकतेचे प्रदर्शन बनली. कोरिया, तैवान या अंकित प्रदेशांतही ती लादली गेली. त्यामुळेच पराभवानंतर, परकीय अंमलाखालील जपानमध्ये, १९४७ साली ती बंद पडली. १९५१ साली नव्या चालीवर, नव्या हालचालींसह ती पुन्हा सुरू झाली आणि आजही सकाळी साडेसहाला ती ऐकू येते. चार पिढ्या उलटल्या, पण म्हातारी माणसे अजून बागेत जमतात. हुकूम गेला तरी सोबत उरली.

इथवर व्यायाम हा हौसेचा, फार तर आरोग्याच्या साधारण समजुतीचा विषय होता. बैठे काम हृदयास घातक ठरू शकते, याचे आकड्यांनी पाठबळ मिळाले ते १९५३ साली. लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे असत: ड्रायव्हर बसून असे, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत असे. वस्ती तीच, वर्ग तोच. परंतु हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत कमी आढळले. मग मॉरिस यांनी पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे टेलिफोनवाले व सरकारी कारकून यांची तुलना केली; तेथेही हाच निष्कर्ष निघाला. पुढे १९७३ साली त्यांनी सुमारे १७,००० ब्रिटिश सरकारी नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांचे काम बैठेच. पण फावल्या वेळात जे जोमाचा व्यायाम करीत, त्यांच्यात हृदयविकार पुष्कळ कमी होता. म्हणजे आमच्या जातीच्या माणसांवर निकाल लागला खरा, पण त्यात दयेची एक तरतूदही ठेवलेली होती.

हा निकाल जगभर पोहोचला आणि यंत्रांचा नवा बाजार भरला. त्यात अग्रस्थान मिळाले ते ट्रेडमिलला. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायचक्की योजिली. कैद्याने तासन् तास फिरत्या पायऱ्या चढावयाच्या. कोठे धान्य दळले जाई, कोठे काहीच नाही. १८९८ च्या कायद्यानंतर ती शिक्षा इंग्लंडमधून हद्दपार झाली. १९५० नंतर अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी हृदयाच्या परीक्षेसाठी चालता पट्टा वापरला, आणि १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक वाचून विल्यम स्टॉब या यंत्रज्ञाने घरगुती वापराचा स्वस्त पट्टा तयार केला. ज्यावर चालण्याची कैद्यांना सक्ती होती, त्यावर चालण्यासाठी दीडशे वर्षांनी लोक पैसे मोजू लागले. दोहोंत भेद एकच: खाली उतरण्याचे स्वातंत्र्य. आणि घरोघरीचा अनुभव असा, की ते स्वातंत्र्य माणूस फार लवकर उपभोगतो.

यापुढील कथा वाचकांच्या ओळखीची आहे. दूरचित्रवाणीवर जॅक ललेन यांनी १९५१ साली साध्या खुर्चीच्या आधाराने गृहिणींना व्यायाम शिकविण्यास आरंभ केला आणि तो कार्यक्रम १९८५ पर्यंत चालला. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केइ’ म्हणजे दहा हजार पावलांचे मापक विक्रीस आले. आज मनगटावरील घड्याळे जो १०,००० चा आकडा दाखवितात, त्याचे मूळ वैद्यकशास्त्रात नसून या विक्रीच्या नावात आहे. १९८२ साली जेन फोंडाची व्हिडिओ कॅसेट आली. २००७ साली जपानमध्ये पायांखालच्या फळीवर तोल सांभाळण्याचा ‘वी फिट’ हा दूरचित्रवाणीवरील खेळ आला. आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा साऱ्या देशाची खोली आणि आखाडा एकच झाला. त्या वर्षीच्या २१ जूनचा योगदिनही घरच्या घरी, कुटुंबासह साजरा करावा असे ठरले.

त्याच टाळेबंदीत आम्हीही हप्त्यांवर चालता पट्टा घेतला. आमच्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीत तो जेमतेम मावला. पहिला महिना आम्ही रोज चाललो. दुसऱ्या महिन्यात रविवार सुटला. वर्ष पुरे होण्याच्या आत त्याच्या दांड्यावर पंचे वाळू लागले. यंत्रात काही दोष नव्हता. त्याने आमची पावले अचूक मोजली, खर्ची पडलेले उष्मांक मोजले, आणि आम्ही येईनासे झालो तेव्हा ते निमूट उभे राहिले. ॲडिसनची घंटाही मुकीच होती. तीनशे वर्षांत यंत्राला मोजता येऊ लागले, चौकशी करता आली नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने सर्व मंत्रालयांना कळविले, की आयुष मंत्रालयाच्या ‘वाय-ब्रेक’ या मोबाइलवरील साधनाचा कर्मचाऱ्यांत प्रसार करावा. कामाच्या जागीच पाच मिनिटांचा योग. परिपत्रके येतात आणि फायलीत जातात, हे आम्हांस व्यवसायाने ठाऊक आहे. पण ते साधन आमच्या शेजारच्या मजल्यावरील एका तमिळ सहकाऱ्याने मनावर घेतले. कचेरीत जमेना, म्हणून त्याने ते क्वार्टरच्या गच्चीवर नेले. पाण्याच्या टाकीला टेकवून मोबाइल ठेवायचा आणि त्यातल्या आवाजाबरोबर हातपाय हलवायचे. चार दिवसांनी त्याने आमच्या दारावर थाप मारली. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग आम्ही त्यास औंधचे नमस्कार शिकविले. आता आम्ही सहाजण आहोत, चार भाषांचे. मंत्र कोणासच धड म्हणता येत नाहीत; आकडे मात्र प्रत्येक जण आपापल्या भाषेत मोजतो.

परप्रांती बदलीवर असलेल्या माणसाच्या आयुष्यातून पहिल्याने जाते ती मंडळी. गावची तालीम, वाड्यातले शेजार, संध्याकाळचा कट्टा. ती उणीव आम्ही खुर्चीत बसून सोसतो आणि शरीर तिची किंमत भरते. यंत्र ती उणीव भरून काढील, अशा आशेने तीन शतके माणसे पैसे मोजीत आली. आमच्या मते यंत्राचा उपयोग आहे. पण त्याने आपल्याला शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेले पाहिजे. पट्टा अजून बैठकीत आहे. पावसाळ्यात गच्ची ओली असली म्हणजे ते पाचजण आमच्याकडे येतात, पंचे बाजूला होतात आणि पाळीपाळीने त्यावर चालणे होते. एखादा आला नाही तर कोणीतरी जिना उतरून पाहून येतो.